एक वही हरवायची होती

नाही नाही, हसू नका, आधी मला एवढंच सांगा, की एखाद्या सज्जन, नाकासमोर चालणाऱ्या, सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला एक वही हरवायची असेल... साधी हो, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, स्प्रिंगची वही... तर त्यानं करायचं काय? जायचं कुठं? पुण्यात मला काही हरवायला कधी प्रयत्न म्हणून करावा लागला नाही! बसमध्ये बसायचं आणि उतरायचं, संपलं! पाकीट, चष्मा, एकदा तर बायकोनं दिलेला डबा पिशवीसकट... वस्तू आपणहून जायच्या! पण इथं? जपानात? तुम्हाला सांगतो, या देशात एक वस्तू हरवून दाखवा! गुणवंत पाटणकर जाहीर आव्हान देतो!

मी टोकियोजवळ ग्योतोकुला राहतो, नऊ वर्षं झाली. आल्या-आल्या पहिल्या पावसाळ्यात तोझाई लाइनवर, म्हणजे इथल्या मेट्रोत, छत्री विसरलो. आरपार दिसणारी प्लॅस्टिकची, इथं दर माणशी चार असतात तसली. तिच्यासाठी कुणी रडत नाही. चौथ्या दिवशी परत! सुकवून, गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून! त्याच थंडीत एका हाताचा मोजा पडला, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर कुणीतरी कुंपणाच्या गजावर उभा करून ठेवलेला, पाची बोटं वर... मला टाटा करत होता! तेव्हा मी कौतुकानं पुण्याला फोन केले. 'काय प्रामाणिक लोक, काय संस्कार!' मला काय ठाऊक की हाच प्रामाणिकपणा एक दिवस माझ्या मुळावर उठणार आहे म्हणून?

झालं काय, आमची लेक पूर्वी यंदा बारावीला. टोकियोच्या एदोगावा भागातल्या भारतीय शाळेत. आता बारावी म्हणजे घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबक्या आवाजात व्हायला हवी की नाही? आमच्याकडे तसंच होतं. आणि जानेवारीत प्रीलिमचा निकाल आला. फिजिक्स, सत्तरपैकी अडतीस. अडतीस! मी काही ओरडलो नाही हं. मी नुसता हात पुढे केला आणि म्हटलं, "मोबाईल." तिनं दिला. तो मी कपाटात माझ्या थर्मलच्या खाली ठेवला आणि दारात उभा राहून भाषण केलं. "आमच्या वेळी मोबाईल नव्हते म्हणून आम्ही शिकलो!" शैलजा, म्हणजे आमची ही, भाजी चिरत होती. ती म्हणाली, "तुमच्या वेळी जे होतं ते मला चांगलं आठवतंय." मी तिकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

दुसरी प्रीलिम झाली. पंचावन्न! बघा! मोबाईल काढून घेतला की फिजिक्स येतं! ऑफिसात मी दोघा बापांना हा उपाय सांगितला. एकानं लिहून घेतला.

आणि मग तो रविवार आला. मी पोह्यांचं पाकीट शोधत होतो. आता पोहे कुठं असतात? तांदळाच्या डब्यामागे. तिथं हात घातला तर हाताला पोहे न लागता ही वही लागली. निळी, स्प्रिंगची. वरती दोन नावं, दोन वेगवेगळ्या अक्षरांत. 'पूर्वी' आणि... 'तहमीद'.

तहमीद कोण, म्हणता? मीही तेच म्हटलं! मग आठवलं. वर्गातला तो उंच, बारीक, चष्मेवाला, सदा सायकलवर. मूळचा ढाक्याचा. अकरावी तिथल्या कॉलेजात केली, मग वडील टोकियोच्या विद्यापीठात संशोधनाला आले म्हणून हा इथं आला. शाळेच्या समारंभात एकदा मला वाकून नमस्कार केला होता, इतका वाकून की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तर त्याचं असं आहे, इथल्या जपानी पोरांत एक पद्धत आहे. दोघांत एक वही. एक दिवस हिच्याकडे, एक दिवस त्याच्याकडे. ही लिहिते, तो उत्तर देतो. म्हणजे काय झालं कळलं ना? मी मोबाईल काढून घेतला आणि पोरं वहीवर आली! मोबाईलवर निदान टाइप तरी करत होती, आता हातानं लिहायला लागली, वळणदार अक्षरात! हा उपाय कुणी केला? मी केला!

तुम्ही विचाराल, वाचलीत का? छे! मी सुसंस्कृत बाप आहे. दुसऱ्याची वही मी वाचत नाही. फक्त शेवटचं पान उघडं पडलं, त्याला मी काय करू? त्यावर इंग्रजीत एकच ओळ होती, त्याच्या अक्षरात. 'तू हसलीस आणि मी सातवा प्रश्न विसरलो.'

सातवा प्रश्न विसरला! अहो, पाच मार्कांचा असला तर? आणि हा विसरला ते विसरला, ही हसली कशाला? फिजिक्समध्ये हसण्यासारखं आहे काय? पेपरला उरले होते वीस दिवस! माझ्या डोळ्यांपुढे पंचावन्नाचे परत अडतीस झाले, अडतीसाचे अठ्ठावीस झाले, आणि माझी मुलगी तांदळाच्या डब्याशी बसून हसतेय असं मला दिसायला लागलं. तिथंच ठरवलं. ही वही गेली पाहिजे. भांडण नको, रडारड नको, परीक्षेच्या तोंडावर तमाशा नको. वही नुसती हरवेल. वह्या हरवतात.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, एवढं काय, फाडून टाकायची! फाडून? अहो, पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण वाकून हात लावून डोक्याला लावणारी माणसं! पाटीपूजन करून शाळेत गेलेला मी! लिहिलेली वही फाडू? त्यात पोरीचं अक्षर, ते लहानपणी मीच हात धरून गिरवून घेतलेलं, त्याच्यावर कात्री चालवू? हात धजला नाही हो. जाळायची तर बातच नको. वही हरवली तर चालते, त्यात वहीचा अपमान नाही. असा सगळा धर्मविचार करून मी ती बॅगेत घातली. शैलजाला कळू दिलं नाही.

सोमवार. गाडीत उभा राहिलो, वही वरच्या फळीवर ठेवली, ऑफिसच्या स्टेशनावर, कायाबाचोला उतरलो, मागं वळून बघितलं नाही. जिना अर्धा चढलो असेन नसेन, मागून बुटांचा टपटप टपटप आवाज! एक गृहस्थ, काळा कोट, टाय खांद्यावर उडालेला, धापा टाकतोय. "माफ करा हं, फार फार माफ करा, आपल्याला थांबवतोय, पण ही आपली..." आणि दोन्ही हातांनी वही पुढे! स्वतःची गाडी सोडून धावला होता माणूस! ती गाडी त्याच्या पाठीमागून निघून गेली! इथं ऑफिसला तीन मिनिटं उशीर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही! मी "आभारी आहे" म्हटलं. तो वाकला. मी वाकलो. तो आणखी वाकला. मला त्याच्या डोक्यात वही घालावीशी वाटत होती आणि मी त्याचे आभार मानत होतो! सांगा, या देशात एक वस्तू हरवून दाखवा!

मंगळवार. म्हटलं, गाडीत नको, गाडीत फार चांगले लोक असतात. ऑफिसखालच्या कोनबिनीत गेलो, म्हणजे ते चोवीस तास उघडं असतं ते दुकान. तिथं झेरॉक्सचं मशीन असतं. एक कागद घातला, कॉपी काढली, वही मशीनवर राहू दिली, सटकलो. बुधवारी सकाळी कॉफी घ्यायला शिरतो तर काउंटरवरची मुलगी मला बघून इतकी उजळली, इतकी उजळली की वाटलं हिचीच वही हरवली होती! "आपण येणार असं वाटलंच होतं!" म्हणते. पारदर्शक पिशवीत वही, आत चिठ्ठी. 'मंगळवार, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटे, करड्या कोटातील चष्मेवाले परदेशी गृहस्थ, दररोज गरम कॉफी घेतात.' अहो, माझं वर्णन लिहून ठेवलं होतं, एखाद्या फरारी माणसाचं असावं तसं! चिठ्ठी मी वहीतच राहू दिली. का राहू दिली? इथं रस्त्यावर कचऱ्याचा डबा मिळतो का कुठं? चिठ्ठीसुद्धा टाकता येत नाही हो!

आणि घरी पूर्वी गप्प. जेवताना गप्प, अभ्यासाला गप्प. मधेच उठायची, तांदळाच्या डब्यापाशी जायची, परत यायची. मी शैलजाला म्हटलं, "बघ, किती मन लागलंय अभ्यासात." शैलजा म्हणाली, "मला नाही तसं दिसत." बायकांना वेगळंच काहीतरी दिसत असतं.

गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे रद्दी नेतात. रद्दी! मला आधी सुचलं कसं नाही? रद्दी आपल्या संस्कृतीत बसते! आपणच नाही का वर्षअखेरीला वह्या रद्दीत देत? आता आमच्या घरचा कायदा असा, की कचरा हे माझं खातं नव्हे. नऊ वर्षांत मी कचरा खाली नेलेला नाही. मी दिवसभर राबतो, कचरा काय मी न्यायचा? हे मी एकदाच म्हटलं होतं आणि ते तसंच चालत आलं होतं. घरात माझा तेवढा दरारा होता. होता! तर त्या दिवशी मी आपणहून वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला, मधोमध वही सारली, सुतळीची गाठ मारली आणि निघालो. शैलजा दारात येऊन बघत राहिली. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

खाली ठेवून वर आलो, चहाचा पहिला घोट घेतला, बेल वाजली. दारात सातो-सान. तळमजल्यावरच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याला नाही, पण आमच्या इमारतीच्या कचऱ्यावर त्यांची जी नजर आहे ती सीमेवरच्या जवानाची नसेल. कुणाचं झाकण कुठल्या पिशवीत गेलं, बाटलीवरचं लेबल कुणी काढलं नाही, सगळं पाठ. हातात वही! गठ्ठा सोडून, वही काढून, गठ्ठा परत माझ्यापेक्षा सुबक बांधून आल्या होत्या! "पाटणकर-सान, कागद गुरुवारी, ते बरोबर. पण ही स्प्रिंग धातूची आहे ना? धातू वेगळा. महिन्यातला दुसरा बुधवार." आणि मी विसरू नये म्हणून आत चिठ्ठीही घातलेली. 'स्प्रिंग काढावी. खोली ३०२.' वर म्हणतात, "अक्षर किती सुंदर आहे हो, टाकता कशाला?"

टाकता कशाला! मला घाम फुटला. आतून शैलजानं विचारलं, "कोण आहे?" मी म्हटलं, "कुणी नाही, सातो-सान." आणि वही शर्टाच्या आत!

मग शुक्रवारी मी निकराला आलो. तोझाई लाइन जिथं संपते तिथं, नाकानोला, कायाबाचोच्याही कितीतरी पुढे... ऑफिसातून 'डॉक्टरकडे जातो' सांगून निघालो. खोटं बोललो! वहीपायी! शेवटच्या स्टेशनावर, फलाटाच्या शेवटच्या बाकावर, वही ठेवली. उठलो. चाललो. कुणी धावलं नाही. गाडीत बसलो. दार लागलं. कुणी धावलं नाही! गाडी हलली! तुम्हाला सांगतो, नऊ वर्षांत एवढा आनंद मला व्हिसा वाढवून मिळाला तेव्हाही झाला नव्हता. शनिवारी सकाळी दारावरची बेल नाही, फोन नाही. मी जिंकलो! मी या देशात एक वस्तू हरवून दाखवली!

आणि शनिवारीच दुपारी आतून रडण्याचा आवाज आला.

पूर्वी लहानपणापासून रडकी नाही हो. सायकलवरून पडली, ढोपर फुटलं, तरी 'दाइजोबु, दाइजोबु' म्हणजे 'ठीक आहे' म्हणत घरी आली होती. ती आईच्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडत होती. "आई, त्यात सगळं होतं गं... सगळी डेरिव्हेशन्स, सगळे न्यूमेरिकल्स... तो एक दिवस मला पाच प्रश्न लिहून द्यायचा, मी सोडवायचे, तो चुका लाल पेनानं काढायचा... म्हणून तर पंचावन्न आले... आणि मी हरवली... त्याची पण मेहनत हरवली... त्याला सांगू कसं?" मधे जपानी, मधे इंग्रजी, पण रडणं सगळं मराठीत चाललं होतं.

मी दारात उभा. म्हणजे पंचावन्न... मोबाईल काढल्यामुळे नव्हते? म्हणजे ते सतरा मार्क... मी... नाकानोच्या बाकावर ठेवून आलो? खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःची शरम वाटली. आणि शैलजा मला विचारते, "अहो, निळी वही पाहिलीत का कुठं?" आणि मी... हा तुमच्यासमोर उभा आहे तो मी... काय म्हणालो? "कुठली वही?"

"दूध आणतो" म्हणून सुटलो तो थेट ग्योतोकु स्टेशन. हरवलेल्या वस्तूंची खिडकी. आत एक तरुण अधिकारी, पांढरे हातमोजे, इतका अदबशीर की त्याच्यापुढे खोटं बोलवेना.

"काय हरवलं?"

"वही."

"रंग, आकार?" मी सगळं सांगितलं. निळी, स्प्रिंग, कोपऱ्यात मांजराचं स्टिकर, मांजराला एक कान नाही. तो म्हणाला, "इतकं बारीक वर्णन कुणी देत नाही!" अहो, देणारच! तीनदा परत आलीये माझ्याकडे!

"कुठे विसरलात?"

"नाकानोला, शेवटच्या बाकावर. पण... विसरलो नाही."

"म्हणजे पडली?"

"पडली नाही. ठेवली."

"ठेवली. आणि घ्यायला विसरलात."

"विसरलो नाही हो! मुद्दाम ठेवली!"

पेन थांबलं. त्यानं फॉर्म वरून खाली बघितला, खालून वर बघितला. 'विसरली' असा रकाना होता, 'पडली' असा होता, 'चोरीला गेली' असा होता. 'मुद्दाम हरवली' असा रकाना या देशाच्या फॉर्मवर नाही! तो आत गेला, साहेबाला घेऊन आला. दोघं हळू आवाजात बोलले. शेवटी त्यानं 'इतर' लिहिलेल्या जागी सुंदर अक्षरात तीन ओळी लिहिल्या. मी म्हटलं, काय लिहिताय? "आपण सांगितलंत तेच." फोन नंबर विचारला. मी माझा दिला, आणि मी मीटिंगमध्ये असतो म्हणून दुसरा, शैलजाचा. हा दुसरा नंबर लक्षात ठेवा!

"वस्तू तीन महिने सांभाळतो," म्हणाला. "तीन महिन्यांत मालक आला नाही, तर कायद्यानं ती सापडणाऱ्याची." मी म्हटलं, तीन महिने कुठले, चौदा दिवसांत पेपर आहे! त्यानं मशीनमध्ये शोधलं. नव्हती. रविवारी गेलो. नव्हती! बघा हं, नको तेव्हा तीनदा आली, आणि हवी तेव्हा? नेमकी माझी वही या देशात हरवली!

सोमवारी सकाळी मला घरात बसवेना. कचऱ्याचा दिवस होता. मी म्हटलं, मी नेतो. शैलजानं या वेळी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. पिशवी घेऊन खाली आलो, तर कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून टाकलेल्या जाळीपाशी सातो-सान उभ्या, आणि त्यांच्याशेजारी सायकल धरून... तहमीद. सातो-साननी त्याची पूर्ण चौकशी केलेली दिसत होती, कारण मला म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे. बाटलीची लेबलं काढतो."

त्यानं बॅगेतून वही काढली. निळी. एककानी मांजर. दोन्ही हातांनी पुढे केली. "अंकल, आपका... यू लेफ्ट इट."

मी म्हटलं, "माझी? छे, मी कुठं..." त्यानं नुसती वही उघडली. आतल्या पानावर सापडल्यास कळवा म्हणून त्याचा नंबर होता, कारण हिचा मोबाईल माझ्या थर्मलखाली! नाकानोवाल्यांनी शुक्रवारीच त्याला फोन करून वही देऊन टाकली होती, आत कोनबिनीतल्या पोरीची चिठ्ठी, 'करड्या कोटातील चष्मेवाले परदेशी गृहस्थ', आणि सातो-सानची चिठ्ठी, 'खोली ३०२'. सगळा पुरावा मी स्वतः फाइलला लावून दिला होता! तो माझ्या करड्या कोटाकडे बघत नव्हता, खाली बघत होता. बिचाऱ्यालाच लाज वाटत होती, माझी!

मग हळूच म्हणाला, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. "अंकल, ढाक्यात कॉलेजच्या आधी कोचिंग, मग कॉलेज, मग परत कोचिंग. मला वर्षभरात मित्र एकच होता, वही. तिथं कुणी आवडलं तर आम्ही त्याची प्रॅक्टिकलची वही लिहून देतो. बोलायला वेळच नसतो. इथं आलो तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा पूर्वी बोलली. मी तिला अजून काही सांगितलं नाही. ही तिला देऊ की नको, तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर तुमच्याकडे ठेवा. मी म्हणेन, माझ्याकडून हरवली."

तुम्ही ठरवा! सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, दोन दिवस वही दाबून बसलाय, तिचं रडं त्याला ठाऊक नसेल का? आणि मला म्हणतो, तुम्ही ठरवा! मी चार वेळा पळ काढला, आणि हा समोर येऊन उभा.  मी विचारलं, "तो सातवा प्रश्न... सुटला का रे?" तो असा लाल झाला, कानापर्यंत! म्हणाला, "दुसऱ्या दिवशी, अंकल." मी म्हटलं, "मग दे तिला. आत्ता दे. पेपर जवळ आलाय." "कुठं होती म्हणून सांगू?" मी सातो-सानकडे बघितलं, त्या जाळी नीट करत होत्या. तोच म्हणाला, "माझ्याच बॅगेत होती म्हणतो." आणि सायकलवर टांग मारून गेला. म्हणजे माझी लाज त्यानं राखली. हरवली मी, शिव्या खाल्ल्या त्यानं!

मिटलं ना सगळं? कुणालाही वाटेल मिटलं! संध्याकाळी घरी आलो, पोरीचा चेहरा फुललेला, वही टेबलावर उघडी, लाल पेन, निळं पेन, मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अरे वा, सापडली वाटतं?" "हो बाबा, त्या बाकाच्या बॅगेत होती!" 'बाका' म्हणजे जपानीत बावळट. मी म्हटलं, "मुलं वेंधळीच असतात." आणि शैलजाचा फोन वाजला.

स्टेशन! तोच, पांढरे हातमोजे! आता शैलजाचं जपानी भाजीपुरतं. तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "पूर्वी, काय म्हणतायत गं बघ." आणि माझ्या मुलीनं, माझ्यासमोर, वाक्यामागून वाक्य भाषांतर केलं. "आई, ते म्हणतायत, रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्रास देतोय, माफ करा... पाटणकर-सान यांनी शनिवारी आणि रविवारी फार काळजीनं चौकशी केलेली निळी वही... जी त्यांनी शुक्रवारी नाकानोच्या शेवटच्या बाकावर... मुद्दाम... ठेवली होती..."

तिथं ती थांबली. फोनमधला मात्र थांबला नाही! "ती मालकाला सुखरूप पोचली आहे, कृपया निश्चिंत असावं." आणि पलीकडे तो नक्की वाकला असणार, मला ऐकू आलं.

  पूर्वी माझ्याकडे बघते, शैलजा माझ्याकडे बघते, एककानी मांजर माझ्याकडे बघतं. मला वाटलं, आता ओरडेल, दार आपटेल, बोलणं टाकेल. बारा दिवसांवर पेपर आणि पोरीचा बापावरचा विश्वास गेला, संपलं. पोरीनं काय करावं? वही उचलली, माझ्यापुढे ठेवली. "बाबा, वाचायची होती तर मागायची." बस्स. एवढंच. त्यापेक्षा दार आपटलं असतं तर बरं झालं असतं!

वाचली. तिच्यासमोर बसून वाचली. एकशे चाळीस पानं फिजिक्स हो! कपॅसिटर, लेन्स, ट्रान्सफॉर्मर... आणि मधे मधे एकेक ओळ. 'आज ग्योतोकुच्या पुलावरून फुजी दिसला, तुझ्यासाठी बघून ठेवला.' 'आईनं शिरखुर्मा केलाय, तुझा वाटा झाकून ठेवला.' 'चूक! चिन्ह बघ! पण अक्षर छान.' मी विचारलं, "पूर्वी, हे मैत्रीच आहे ना नुसती?" ती म्हणाली, "बेत्सु नी." म्हणजे 'तसं काही नाही'. इथली सगळी पोरं सगळ्याला हेच उत्तर देतात. म्हणजे काहीतरी आहे!

मी बाप म्हणून काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शैलजा. "बारावीत माझी केमिस्ट्रीची जर्नल कुणी पुरी करून दिली होती, पाटणकर? सगळ्या आकृत्या स्केचपेननं? आणि शेवटच्या पानावर काय लिहिलं होतंत, सांगू का तिला?" मी तोंड मिटलं. पूर्वी इतकी हसली, इतकी हसली की मला वाटलं, आता ही सातवा प्रश्न विसरणार!

नाही विसरली. मे महिन्यात निकाल लागला, फिजिक्स चौसष्ट. त्याला अडुसष्ट, पण तो वाकून म्हणतो, "दोन मार्क तिनं हसवल्यामुळे राहिले." मोबाईल मी केव्हाच परत दिला, तरी वही चालूच. पूर्वी पुढे पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार, तो इथंच राहणार, वही आता पोस्टानं जाणार म्हणे. हरवली तर? मीच विचारलं. दोघं मिळून माझ्याकडे बघून हसली.

तर तुम्हाला सांगतो, या देशात एक वस्तू हरवून दाखवा! छत्री आली, मोजा आला, वही चार-चार वेळा आली. हरवला तो फक्त माझा दरारा. त्याच दिवशी, त्याच फोनवर, स्पीकरवर. खूप शोधला, सापडत नाही. आणि परवा हिशेब केला तर तीन महिने उलटून गेलेत, म्हणजे कायद्यानं आता तो सापडणाऱ्याचा. कुणाला सापडलाय ते मला पक्कं माहीत आहे हो... काल सकाळी शैलजानं पेपरातून मान वर न करता नुसतं "अहो" म्हटलं, आणि मी उठलो, बाटल्यांची लेबलं काढली, झाकणं वेगळी केली आणि खाली नेऊन ठेवली. सातो-सान म्हणाल्या, "बुधवार आहे, पाटणकर-सान, बाटल्या उद्या."

परत वर घेऊन आलो!